मिशनची शाळा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी कागद घेऊन आल्या. कागद चौघडी घालून पदराच्या गाठीत बांधला होता. दोन वर्षांपूर्वी ह्याच आजी पाटीवर 'अ, आ' गिरवत होत्या. आता त्या अक्षरावर बोट ठेवून, सावकाश का होईना, पण वाचतात.

आजी म्हणाल्या, "गुरुजी, हे तालुक्याच्या मिशनच्या शाळेचं पत्रक हाय. लेक म्हणतोय, नातवाला तिथं पहिलीत घालू. मी सगळं वाचलं. पण एका जागी अडले."

त्यांनी बोट ठेवले. तेथे लिहिले होते, 'इतर शुल्क'.

"शुल्क म्हंजे फी, ते ठावं हाय. पण इतर म्हंजे कोणतं? आन् किती?"

प्रश्न मोठा नामी होता. त्या रात्री नेहमीचा धडा बाजूला राहिला. सगळा वर्ग त्या कागदाभोवती बसला. कोणी म्हणाले, घाला. कोणी म्हणाले, नका घालू. त्या रात्री जे बोलणे झाले आणि पुढे आम्ही जी माहिती जमवली, ती या पाठात दिली आहे. तुमच्याही घरी हा प्रश्न आज ना उद्या येईल.

मिशनची शाळा कोणती?

ख्रिस्ती धर्माच्या संस्थेने चालवलेल्या शाळेला आपल्याकडे मिशनची शाळा म्हणतात. ख्रिस्ती लोकांत अनेक पंथ आहेत. काही शाळा रोमन कॅथलिक पंथाच्या आहेत. तेथे फादर किंवा सिस्टर कारभार पाहतात. काही शाळा प्रॉटेस्टंट पंथाच्या आहेत. त्यांच्या मंडळ्यांत धर्मगुरूला पाळक म्हणतात.

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपण रोज ऐकतो. त्याचा मूळ अर्थ आहे सिस्टरांचा मठ. लग्न न करता धर्मकार्याला वाहून घेतलेल्या बाया जेथे एकत्र राहतात, ते कॉन्व्हेंट. त्या मठाने चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंटची शाळा. पण आता इंग्रजी शिकवणारी कोणतीही शाळा आपल्या पाटीवर 'कॉन्व्हेंट' लिहिते. आत सिस्टर नाही, मठ नाही, मिशनही नाही. तेव्हा पाटी वाचून थांबू नका. शाळा चालवणारी संस्था कोणती, ते विचारा.

आणखी एक गोष्ट. मिशनची प्रत्येक शाळा इंग्रजी नसते. मराठीतून शिकवणाऱ्या मिशनच्या शाळाही आहेत. त्यांतल्या पुष्कळ शाळांना सरकारचे अनुदान मिळते. तेथे फी कमी असते. ही गोष्ट त्या रात्री आजींच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हती.

ह्या शाळा आल्या कशा?

ही गोष्ट दोनशे वर्षांमागची आहे. १८१३ साली अमेरिकेतून काही मिशनरी मुंबईला आले. धर्माचा प्रसार करावा, हा त्यांचा हेतू होता. तो त्यांनी लपवला नाही. त्यासाठी लोकांना वाचता यावे म्हणून त्यांनी शाळा काढल्या. १८२४ साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. त्या काळी मुलीने पाटी हातात धरली तर घरावर संकट येते, असे लोक मानत.

१८२७ साली सिंथिया फरार नावाच्या बाई अमेरिकेहून बोटीने मुंबईला आल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. शिकवणे हेच त्यांचे काम. १८३९ साली त्या अहमदनगरला गेल्या. ह्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. तेथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ साली त्या तेथेच वारल्या.

ह्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या. जोतीरावांची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लहानपणी ते गावठी शाळेत थोडे शिकले. मग लोकांनी त्यांच्या वडिलांचे कान भरले. "माळ्याचं पोर शिकून काय करणार? शेतीच्या कामातून जाईल." वडिलांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. पण शेजारी दोन शहाणी माणसे होती. एक मुसलमान मुन्शी, दुसरे ख्रिस्ती साहेब. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४७ पर्यंत ते तेथे शिकले. दुसऱ्याच वर्षी, १८४८ साली, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सावित्रीबाईंनी अहमदनगरला फरारबाईंच्या संस्थेत शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते.

एका बापाने आपला निर्णय बदलला, म्हणून केवढे काम उभे राहिले ते बघा.

लोक मुलांना तेथे का घालतात?

हे आम्ही वर्गातच विचारले. एकेकाचे उत्तर वेगळे आले.

एक शेतकरी दादा म्हणाले, "इंग्रजीसाठी. माझं गणित चांगलं होतं. पण शहरात गेलो तर साहेब इंग्रजीत बोलायचा. मी मुका. पोराचं तसं होऊ नये."

हे कारण सर्वांत मोठे आहे. त्यात खोटे काही नाही. कोर्टकचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात इंग्रजी लागते. ज्याला ती येत नाही, त्याला लोक अडाणी समजतात. हा अपमान ज्याने सोसला, त्यालाच तो कळतो.

एक ताई म्हणाल्या, "तिथं शिस्त असते. घंटा झाली की वर्ग सुरू. बाई सुट्टीवर असली तरी वर्ग रिकामा राहत नाही."

हेही खरे आहे. जेथे सिस्टर शाळेच्या आवारातच राहतात, तेथे शाळेवर रात्रंदिवस नजर असते. मुलींच्या आईबापांना ह्याचा फार आधार वाटतो. मात्र शिस्त म्हणजे छडी नव्हे. मुलाला मारणे कोणत्याही शाळेत कायद्याला मान्य नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या एका बहिणीचे कारण आणखी वेगळे होते. ती म्हणाली, "दिवाळी आली की आम्ही कारखान्यावर जातो. पाच-सहा महिने कोपीत राहतो. पोरगी संगं नेली की तिची शाळा बुडते. मागं ठेवली तर सांभाळणार कोण? म्हणून मी तिला मिशनच्या बोर्डिंगात ठेवली." तिच्या दृष्टीने इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. रात्री मुलगी दाराला कडी लावून सुखाने झोपते, एवढे तिला पुरे होते.

शेवटी एक ख्रिस्ती काका बोलले. ते आतापर्यंत गप्प होते. "आमच्या आजोबांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसवीत. मास्तर पाटीला हात लावत नसे. मिशनच्या शाळेत ते पहिल्यांदा आत, सतरंजीवर बसले. म्हणून आमच्या घरात पोरगं सहा वर्षांचं झालं की दुसरी शाळा कोणी विचारीत नाही. ती आमची शाळा आहे. तिथं आमची प्रार्थना होते, आमचा सण होतो."

वर्ग थोडा वेळ शांत झाला. कोणाला काय बोलावे ते सुचेना. शाळा निवडताना माणूस फक्त अभ्यास पाहत नाही. आपल्या लेकराला तेथे मान मिळेल का, हेही तो पाहतो.

धर्म बाटेल का?

ही भीती आजही लोकांच्या मनात आहे. ती उगाच आलेली नाही. १८४३ साली मुंबईत मोठा गाजावाजा झाला. नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे दोघे ब्राह्मण भाऊ मिशनऱ्यांकडे गेले. नारायण ख्रिस्ती झाला. श्रीपत लहान होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने श्रीपतला बापाच्या हवाली केले. पण मुलगा परत आला तरी जातवाले त्याला घ्यायला तयार होईनात. तेव्हा 'दर्पण' पत्राचे पूर्वीचे संपादक बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले.

जोतीराव फुले मात्र मिशनच्या शाळेत शिकूनही ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. म्हणजे शाळा एक असली तरी शिकणाऱ्याची वाट एक नसते.

आता देश स्वतंत्र आहे आणि आपली राज्यघटना आहे. तिच्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट कलम ३० मध्ये आहे. ज्या समाजाची संख्या कमी आहे, त्याला आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. मग तो समाज धर्माने लहान असो की भाषेने. मिशनच्या शाळा ह्या हक्काने चालतात. त्या कोणाच्या मेहेरबानीवर चालत नाहीत.

दुसरी गोष्ट कलम २८ मध्ये आहे. शाळेला सरकारची मान्यता किंवा मदत असेल, तर तेथे कोणावर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा हक्क तुमचा आहे.

पुष्कळ कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्माचा तास असतो. त्याच वेळी बाकीच्या मुलांना नीतीचा, म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास असतो. सकाळी प्रार्थना असते. नाताळची सुट्टी असते. हे सर्व आधी विचारून घ्यावे. पटले तर मूल घालावे. एकदा घातल्यावर त्यांच्या प्रार्थनेची घरी टवाळी करू नये. मुलाच्या मनाची त्याने ओढाताण होते.

पैशाचा हिशेब

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. 'इतर शुल्क' म्हणजे काय? शिकवण्याच्या फीशिवाय जे जे पैसे लागतात, ते सगळे त्यात येते. आम्ही फळ्यावर एक नमुना हिशेब मांडला. हे आकडे कोणत्याही एका शाळेचे नाहीत. फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत.

समजा, फी महिना ८०० रुपये. बारा महिन्यांचे ९,६०० रुपये.
गाडीभाडे महिना ७०० रुपये. दहा महिन्यांचे ७,००० रुपये.
पुस्तके, वह्या, गणवेश, बूट मिळून ५,००० रुपये.
पहिल्या वर्षी प्रवेश फी ३,००० रुपये.
एकूण पहिल्या वर्षी २४,६०० रुपये.

पुढच्या वर्षापासून प्रवेश फी नाही. तरी दर वर्षी २१,६०० रुपये लागतील. पहिली ते दहावी म्हणजे दहा वर्षे. दहा वर्षांचे झाले २,१९,००० रुपये. तेही फी एका पैशाने वाढली नाही तर! आणि फी वाढल्याशिवाय राहते का?

आकडा ऐकून आजींनी पदर तोंडाला लावला. "माझा लेक म्हणत व्हता, म्हैस इकली की झालं. एक म्हैस इकून पहिली व्हईल. दुसरीला काय इकायचं?"

पुष्कळ घरांत हेच होते. पहिल्या वर्षी कर्ज काढून मूल घालतात. तिसरीत-चौथीत फी थकते. मग मुलाला काढून दुसऱ्या शाळेत आणतात. मूल दोन्हीकडे परके होते. म्हणून एका वर्षाचा हिशेब करू नका. दहावीपर्यंतचा करा.

कायद्याच्याही काही गोष्टी सांगतो. प्रवेशासाठी देणगी मागण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. जे पैसे द्याल, त्याची पावती घ्या. खाजगी शाळेला फी ठरवताना ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. हा कायदा २०११ चा आहे.

पंचवीस टक्के जागांबद्दल तुम्ही ऐकले असेल. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत गरीब व वंचित घरच्या मुलांसाठी त्या जागा ठेवल्या आहेत. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. २०२५ साली त्याच न्यायालयातील दोन न्यायाधीशांनी ह्या निकालाचा फेरविचार व्हावा असे म्हटले. तेव्हा मिशनच्या शाळेत ही सवलत मिळेलच, असे धरून चालू नका. काही शाळा गरीब मुलांची फी आपणहून कमी करतात. विचारायला लाजू नका.

गावच्या शाळेचे काय?

जिल्हा परिषदेची शाळा आपल्या दारात आहे. फी नाही. पहिली ते आठवीपर्यंत पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. मूल चालत जाते. शिकवणे आपल्या भाषेत असते. लहान मुलाला जी भाषा घरी कळते, तिच्यातून शिकलेले लवकर डोक्यात उतरते. मराठी नीट वाचू लागलेले मूल दुसरी भाषा शिकू शकते. नुसते पाठ करणाऱ्या मुलाला दोन्ही भाषा धड येत नाहीत.

गावच्या शाळेत गुरुजी कमी असतील, छप्पर गळत असेल, तर त्यावरही उपाय आहे. शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निम्म्याहून जास्त पालक असतात. आपण किती जण तिच्या सभेला जातो? मिशनच्या शाळेत बोलावले की आपण कामधंदा सोडून, स्वच्छ कपडे घालून जातो. गावच्या शाळेत बोलावले की म्हणतो, "वेळ नाही." हे आम्ही स्वतःलाही सांगत आहोत.

नातू आणि नात

हिशेब संपला. फळा पुसायला आम्ही उठलो. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "गुरुजी, हा हिशेब एकाचा झाला. दोघांचा मांडा."

"दोघे कोण?"

"नात हाय की! तिसरीत हाय गावच्या शाळेत. नातवाचं पत्रक घरात आलं. नातीचं कोणीच आणलं नाही. मी सुद्धा इचारलं नाही."

आम्ही दोघांचा हिशेब मांडला. ४,३८,००० रुपये. आकडा फळ्यावर तसाच राहिला.

मंडळी, ही गोष्ट एका घरची नाही. मुलगा फीच्या शाळेत आणि मुलगी फुकटच्या शाळेत, असे पुष्कळ घरांत चालते. कोणी मुद्दाम वाईट वागते असे नाही. पैसे कमी पडले की हात आपोआप मुलाकडे वळतो. मुलगी ते पाहते. ती बोलत नाही, पण तिला कळते. आणि ज्या शाळांसाठी आपण धडपडतो, त्यांतल्या जुन्या शाळांचे मोठे काम कोणते? आपल्या मुलींना शिकवणे! ते आपण विसरलो.

शाळेत जाऊन काय विचारावे?

१. शाळेला सरकारची मान्यता आहे का? यूडायस नंबर काय?
२. शिकवण्याची भाषा कोणती? मराठी कोण शिकवते? (महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी शिकवलीच पाहिजे, असा २०२० चा कायदा आहे.)
३. दहावीपर्यंत एकूण खर्च किती? 'इतर शुल्क' कोणते?
४. गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली?
५. प्रार्थना व धर्माचा तास ह्यांची रीत काय?
६. मुलींसाठी वेगळे शौचालय आहे का?
७. घरी इंग्रजी येत नसेल, तर मुलाला मदत कोण करील?

शेवटचा प्रश्न विसरू नका. मूल घरी वही घेऊन आले आणि घरात कोणालाच ती वाचता आली नाही, तर शिकवणी लावावी लागते. तो खर्च कोणत्याही पत्रकात नसतो.

पुढे काय झाले?

आठ दिवसांनी आजी, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघे तालुक्याला गेले. प्रश्नांचा कागद आजींच्या हातात होता. कार्यालयात सिस्टरने तो पाहिला आणि विचारले, "हे कोणी लिहिलं?" आजी म्हणाल्या, "मी."

तेथे त्यांना कळले, की त्याच संस्थेची पाचवीपासून पुढे मराठी शाळा आहे. अनुदान असल्यामुळे फी थोडी आहे. घरी आल्यावर तीन दिवस वाद झाला. शेवटी ठरले, की चौथीपर्यंत दोघेही गावच्या शाळेत. पाचवीला आधी नात मिशनच्या मराठी शाळेत जाईल. तिच्या मागून नातू जाईल. म्हैस विकायची नाही.

मुलाला हे पूर्ण पटले नाही. "माझ्या पोराची दोन-चार वर्षं वाया जातील," असे तो अजून म्हणतो. कदाचित त्याचे बरोबर असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणीने आपली मुलगी बोर्डिंगातच ठेवली आहे, आणि तिचे तर नक्कीच बरोबर आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. मात्र प्रश्न सगळ्यांनी विचारले पाहिजेत. कागद वाचून विचारले पाहिजेत. आणि घरात जेवढी मुले, तेवढ्यांसाठी विचारले पाहिजेत.

आता संध्याकाळी आजी नातीला जवळ घेऊन बसतात. नात वाचते, आजी ऐकतात. नात अडली की आजी सांगतात. कधी आजी अडतात, मग नात सांगते.

विचार करा आणि सांगा

१. 'कॉन्व्हेंट' ह्या शब्दाचा मूळ अर्थ काय?
२. जोतीरावांना पुन्हा शाळेत घालावे, असे त्यांच्या वडिलांना कोणी सांगितले?
३. धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कोणत्या कलमात आहे?
४. तुमच्या घरी किती मुले शिकतात? प्रत्येकावर वर्षाला किती खर्च होतो? मुलाचा व मुलीचा हिशेब वेगवेगळा मांडा. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.